‘मॅडम, झालं!’ म्हणणाऱ्या मुलांसाठी: प्राथमिक वर्गात करण्यासारखे उपक्रम

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात माझ्या द्विशिक्षकी शाळेत चार वर्षांपूर्वी चौथीला एक मुलगी होती. फळ्यावर दहा उदाहरणं लिहून मी वळेपर्यंत तिची सहा झालेली असायची. ‘मॅडम, झालं!’ म्हणाली की मी तिला आणखी दहा द्यायची. ती झाली की आणखी दहा. दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की ती नवव्या उदाहरणावर पेन्सिल टेकवून नुसती बसून राहते. जवळ जाऊन विचारलं, तर हळूच म्हणाली, “लवकर केलं की अजून भेटतात.”

तिच्या हुशारीला मी शिक्षा देत होते, आणि ती चुकवायची युक्तीही तिने शोधली होती. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळते: ज्याचं पटकन होतं त्या मुलाला जास्तीचं काम द्यायचं नाही, वेगळं द्यायचं. खाली लिहिलेले उपक्रम तिसरी ते पाचवीच्या वर्गात मी स्वतः करून पाहिलेले आहेत. खर्च जवळजवळ नाही, साहित्य गावातच आहे.

आधी मुलं ओळखा, चाचणीशिवाय

पहिले दोन आठवडे काहीही वेगळं शिकवू नका. नोंदवहीच्या मागच्या पानावर रोज दोन ओळी लिहा: आज कोणी अनपेक्षित प्रश्न विचारला, कोणी पुस्तकातली रीत सोडून वेगळ्या रीतीने उत्तर काढलं, कोण एकाच गोष्टीवर मधली सुट्टी संपेपर्यंत अडून राहिलं. गुणांची यादी बाजूला ठेवा. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये तीन गोष्टींचा मेळ सांगितला: सरासरीहून बरी क्षमता, सर्जकता आणि हातातल्या कामाचा ध्यास. आपण बहुतेक वेळा पहिलीच पाहतो, तीही लेखी परीक्षेतून.

गुणांच्या यादीतून तीन प्रकारची मुलं हमखास सुटतात. पहिलं, सतत चुळबुळ करणारं, ज्याच्या नावापुढे ‘लक्ष नाही’ असा शेरा असतो. दुसरं, अक्षर वाईट असलेलं. आणि तिसरं, ज्याची घरची बोली पुस्तकाच्या मराठीपासून लांबची आहे. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा आदिवासी मुलं येतात. त्यांतला एक मुलगा वर्षभर गप्प होता. एकदा चिंचोक्यांच्या खेळात समोरच्याकडे किती उरले हे तो दर वेळी न मोजता सांगत होता, तेव्हा मला जाग आली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आपण पाठात शिकवतो. मग वहीवरून मुलाची पारख करताना जरा थांबायला हवं.

निवडलेल्या मुलांना ‘हुशार गट’ असं नाव चुकूनही देऊ नका. उपक्रम सगळ्या वर्गासाठी खुला ठेवा. ज्याला पुढे खोदायचं आहे तो खोदेल, आणि दर वेळी एखादं तुमच्या यादीबाहेरचं नाव निघेल.

वेळ कुठून काढायचा: शेवटची पाच आधी

ही रीत सगळ्यात उपयोगाची आहे आणि उद्यापासून करता येते. समजा भागाकाराच्या सरावात वीस उदाहरणं आहेत. त्यातली सर्वांत अवघड पाच निवडा, बहुधा ती शेवटचीच असतात. वर्गाला सांगा: ज्याला वाटतं त्याने ही पाच आधी सोडवावीत. पाचपैकी चार रीतीसकट बरोबर आली, तर उरलेली पंधरा माफ. दोन चुकली, तर शांतपणे पहिल्यापासून सुरू करायचं, त्यात कमीपणा नाही.

अशा मुलाची वीस-पंचवीस मिनिटं मोकळी होतात. ती रिकामी राहिली तर वर्ग उधळतो, म्हणून मी खिडकीखाली एका खोक्यात पुढचे उपक्रम कार्डांवर लिहून ठेवले आहेत. खोक्याजवळ गेलेल्या मुलाने आधी कार्ड दोनदा वाचायचं, मग सोबत्याला विचारायचं, आणि तरीही अडलं तरच माझ्याकडे यायचं. दोन वर्ग एकत्र सांभाळताना हे फार लागतं.

मोकळ्या वेळात या मुलांना मागे पडलेल्यांना शिकवायला बसवावं का? कधीतरी, आणि त्यांना आवडत असेल तर. रोज तेच केलं तर त्यांच्या वाट्याला नवं काहीच येत नाही. त्यांची शाळाही शिकण्यासाठीच आहे.

स्वयंभू संख्या (तिसरीपासून)

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या अंकामुळे ते जगाला ठाऊक झाले. मी मात्र सुरुवात त्यांच्या स्वयंभू संख्यांपासून करते, कारण त्याला फक्त बेरीज लागते.

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. १५ घेतली तर १५ + १ + ५ = २१. मुलांना मी सांगते, १५ ही आई आणि २१ हे तिचं लेकरू. आता १ ते १०० चा तक्ता ओट्यावर खडूने काढायचा. १ पासून एकेका आईचं लेकरू शोधायचं आणि त्या लेकरावर काट मारायची. शेवटी ज्यांवर काट बसली नाही त्या संख्यांना आईच नाही. त्या स्वयंभू.

तेरा संख्या उरतात: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. इथे घाई करू नका. यादी फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. नऊनंतर प्रत्येक वेळी अकराची उडी आहे हे दोन मिनिटांत कोणीतरी ओरडून सांगतंच. मग विचारा, अकराच का? माझ्या वर्गात याला तीन दिवस लागले. उत्तर एका मुलाने खिचडीच्या रांगेत दिलं: “मॅडम, दशक वाढला की संख्या दहानं वाढती अन् अंकांची बेरीज एकनं. दहा अन् एक अकरा!” ताट हातात धरूनच तो बोलत होता.

पुढचा टप्पा याहून सुंदर आहे. शंभरच्या पुढे काय होईल, हे आधी अंदाजाने लिहून घ्या. ९७ + ११ = १०८, आणि १०८ खरंच स्वयंभू निघते. आता सगळे छाती ठोकून ११९ सांगतात. पण ११९ ची आई सापडते: १०९ + १ + ० + ९. आणि मध्येच ११० ही स्वयंभू निघते, तिच्या पुढे १२१. रीत कुठे मोडली आणि का मोडली, हे शोधायला मुलांना द्या. याच शोधात आमच्या एका मुलीला १०१ ला दोन आया असल्याचं दिसलं, ९१ आणि १००. तिने ते दुसऱ्या दिवशी परिपाठात सांगितलं. नियम दिसणं, त्यावर भरवसा ठेवणं आणि तो मोडल्यावर पुन्हा विचाराला बसणं, हे पन्नास बेरजांमधून मिळत नाही. आणि बेरजा तर इथे शंभराहून जास्त होतातच, न सांगता.

पाचवीला मग ६१७४. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. शून्य पुढे आलं तरी ते टाकायचं नाही, एवढं आठवणीने सांगा. बहुतेक मुलं तिथेच चुकतात. झाल्यावर तीन अंकी संख्येत काय होतं ते विचारा आणि उत्तर सांगू नका.

पाटणचे भुंगे

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, असं त्यात नोंदवलं आहे. लेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. आपल्या जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी गणित शिकायला मठ होता, हे ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं एक उदाहरण सांगा.

भुंग्यांचा थवा आहे. त्यातला पाचवा भाग कदंबाच्या फुलावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर. या दोन संख्यांमधल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांकडे गेले. एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने हवेतच घुटमळत राहिला. एकूण भुंगे किती?

चौथीच्या मुलाला समीकरण शिकवू नका. फक्त विचारा, अर्धा भुंगा उडेल का? मग संख्येला ५ आणि ३ या दोन्हींनी भाग गेला पाहिजे हे मुलं स्वतः सांगतात. १५ घ्या: ३, ५, फरक २, त्याची तिप्पट ६, आणि उरला १. जुळलं. ३० घेऊन पाहा: ६, १०, १२, उरले २. मग ४५ मध्ये किती उरतील, हे न मोजता कोण सांगतं?

खरं काम यापुढे. मुलांना स्वतःचं उदाहरण रचायला सांगा. एका मुलीने कापूस वेचणाऱ्या बायांवर रचलं: पाचवा भाग आमच्या वावरात, तिसरा भाग काकांच्या, फरकाच्या दुप्पट नदीकाठच्या वावरात, आणि एक बाई घरी राहिली. सोडवायला गेलो तर एकूण बाया आल्या पाच, आणि पाचाचा तिसरा भाग होईना. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग घरी राहिलेल्या बायांची संख्या तिने एकाची तीन केली. आता एकूण पंधरा झाल्या, तीन, पाच, चार आणि घरी तीन. उदाहरण रचताना अडलं की अपूर्णांक कळतो, कारण तिथे उत्तराची जबाबदारी आपली असते.

केळीच्या बागेत एक सकाळ

बागेच्या मालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि पाणी सोडायच्या दिवशी जाऊ नका, चिखल होतो. सोबत सुतळी, मीटरची टेप, वह्या आणि प्यायचं पाणी. एका गटात चार मुलं, गट मिसळलेले.

पहिली पायरी बांधावर उभं राहून: या बागेत खोडं किती असतील? प्रत्येकाने अंदाज लिहून चिठ्ठी घडी करून माझ्याकडे द्यायची. खान्देशात केळीची शेती एकरापेक्षा खोडांवर सांगितली जाते, ‘यंदा पाच हजार खोडं लावली’, त्यामुळे मुलांना हा प्रश्न घरचाच वाटतो.

दुसरी पायरी मोजणीची. दोन खोडांतलं आणि दोन ओळींतलं अंतर सुतळीने मोजा. आमच्याकडे बहुतेक पाच बाय पाच फूट निघतं. म्हणजे एका खोडाला २५ चौरस फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट असतात, तर एकरी सुमारे १,७४२ खोडं. मुलांनी हा भागाकार वावरातच, गुडघ्यावर वही ठेवून केला पाहिजे.

आता तल्लख मुलांसाठी खरा प्रश्न: दोनशे फूट लांब ओळीत दर पाच फुटांवर एक खोड, तर खोडं चाळीस की एक्केचाळीस? यावर गटात भांडण होतं आणि ते होऊ द्यावं. ओळीच्या दोन्ही टोकांना खोड आहे का, याच्यावर उत्तर अवलंबून आहे, हे मुलं ओळीच्या टोकाला पळत जाऊन पाहतात. मग मालकाला खरा आकडा विचारा. तो हिशोबापेक्षा जवळजवळ नेहमी कमी निघतो. कुठे गेली उरलेली खोडं? गाडीवाट, विहीर, बांध, मर झालेली झाडं. मुलं कारणं शोधत बागभर फिरतात. शेवटी चिठ्ठ्या उघडा, आणि सर्वांत जवळचा अंदाज कोणाचा यापेक्षा तो कसा बांधला हे विचारा. आमच्याकडे एकदा जिंकलेल्या मुलाने सांगितलं की त्याने ओळी मोजल्या होत्या, एक ओळ मोजली आणि गुणलं. तीन सलग तास शिकवून जे आलं नसतं ते बाकीच्यांनी त्याच्याकडून उचललं.

घड तयार असेल तर एकाच घडाच्या फण्या मोजा, प्रत्येक फणीतली केळी मोजून वरून खाली लिहा. आकडे कसे कमी होत जातात त्याचा आलेख शाळेत आल्यावर काढा. यात बाग मृगबाग आहे की कांदेबाग, म्हणजे जून-जुलैची लागण की सप्टेंबर-ऑक्टोबरची, हेही विचारून लिहा. पुढच्या वर्षी तुलना करता येते.

घरना, घरमा, घरले

या उपक्रमाबद्दल मला सर्वांत जिव्हाळा आहे. आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात आणि शाळेत आली की अर्धी गप्प होतात. त्यांना ‘शुद्ध बोल’ म्हणणं मी बंद केलं आणि त्यांच्या बोलीचं व्याकरण त्यांनाच शोधायला लावलं.

फळ्याच्या एका बाजूला मराठी, दुसरीकडे अहिराणी. घराचा – घरना. घरात – घरमा. घराला – घरले. शेतात – शेतमा. शाळेत – शाळामा. माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर – मन्हा भाऊ, मन्ही बहीण, मन्हं घर. मुलांकडून तीस-चाळीस जोड्या गोळा करा, आजीला विचारून आणलेल्या चालतील. मग प्रश्न एकच: दोन्ही बाजूंना काय बदलतं आणि काय बदलत नाही?

प्रत्यय वेगळे आहेत हे लगेच दिसतं. त्याच्या खालचं जरा उशिरा दिसतं. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी ‘घर’चं ‘घरा’ होतं, ‘शाळा’चं ‘शाळे’ होतं. अहिराणीत शब्द जसाच्या तसा उभा राहतो. व्याकरणात ज्याला सामान्यरूप म्हणतात आणि पाठ करूनही मुलांना उमगत नाही, ते इथे दहा मिनिटांत हाताला लागतं. ज्या मुलाला रोज ‘मराठी नीट बोल’ ऐकावं लागायचं, तो त्या दिवशी वर्गाचा जाणकार असतो. वर्गात पावरा किंवा भिल्ल मुलं असतील तर तिसरा रकाना त्यांचा, आणि तो त्यांनीच भरायचा.

अंगणातली काठी

एक मीटरची सरळ काठी मैदानात उभी रोवा, ओळंब्याने सरळ आहे ना ते पाहा. साडेअकरा ते दीड, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवा आणि वेळ लिहा. सर्वांत लहान सावली कधी? मुलांचं ठाम उत्तर असतं बारा वाजता. खडे वेगळंच सांगतात: आपल्याकडे वर्षभरात ही वेळ साधारण बारा वाजून बारा मिनिटांपासून पावणेएकच्या जवळपर्यंत सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लवकर, फेब्रुवारीच्या मध्यात उशिरा. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला सात अंश, अंशाला चार मिनिटं. पाचवीचं मूल नकाशा घेऊन एवढं स्वतः काढू शकतं. वेळ पुढेमागे का सरकते, ते मात्र सध्या नोंदीपुरतंच ठेवा.

एकच दिवस करून सोडू नका. महिन्यातून एकदा करा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारची सावली जवळजवळ काठीएवढी असते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ऊन मिळालं तर सावली जेमतेम चार सेंटिमीटर असते, आणि ती दक्षिणेला पडते, कारण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. ‘मॅडम, सावली उलटी पडली’ हे वाक्य मी दर जूनला ऐकते.

काही अडचणी, आणि एक पान

पालक विचारतात, याचा स्कॉलरशिपला आणि नवोदयला उपयोग काय? मी त्यांना बैठकीत वरचं भुंग्यांचं उदाहरण सोडवायला देते आणि मुलांना त्यांच्या शेजारी बसवते. त्यानंतर हा प्रश्न फारसा येत नाही.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. ज्या मुलाला आजवर सगळं पटकन आलं, त्याला पहिल्यांदा न येणारं भेटतं तेव्हा ते कोसळतं. रडतं, कागद फाडतं किंवा ‘मला नाही करायचं’ म्हणून बाहेर जातं. समजूत घालायला जाऊ नका आणि उत्तर तर मुळीच सांगू नका. मी एवढंच म्हणते, “हे मलाही एका दिवसात आलं नव्हतं,” आणि ते माझ्या बाबतीत खरं असेल तेव्हाच म्हणते. कागद ठेवून देते, दोन दिवसांनी पुन्हा पुढे करते. ‘किती हुशार आहेस’ हे कौतुकही मी सोडलं. ‘ही रीत कशी सुचली?’ असं विचारलं की मूल बोलतं, आणि पुढच्या वेळी अडलं तरी लपवत नाही.

आणि एप्रिलअखेर प्रत्येक अशा मुलाचं एक पान लिहून पुढच्या वर्गाच्या शिक्षकाकडे द्या. निकालपत्रकात गुण असतात, ते वेगळे. माझ्या पहिल्या पानावर एवढंच होतं: ‘स्वयंभू संख्या १२१ पर्यंत एकटीने काढल्या. अपूर्णांकांची बेरीज आत्ताच येते, पुन्हा पहिल्यापासून शिकवू नये. समजावून सांगताना घाई करते. चुकलं की रडते, थोडा वेळ द्यावा. लवकर झालं तर जास्तीची उदाहरणं देऊ नयेत.’